सोलापूरहून समुद्राकाठचं अभयारण्य बघायला जायचंय: कुठं, कधी आणि कसं

ताईंनी विचारलंय की आम्ही जुळे सोलापूरला राहतो, घरची पाच माणसं, मुलं ९ आणि १३ वर्षांची, सासूबाई ६८ च्या, नन्नजला काळवीट बघून झालेत, उजनीला होडीत बसून फ्लेमिंगो पण बघितलेत, आता समुद्राकाठचं एखादं अभयारण्य बघायचंय तर कुठं जावं, कधी जावं, काय न्यावं आणि मुख्य म्हणजे तिथं नक्की काही दिसतं का, का नुसतंच बीच बघून परत यायचं. सोलापूरहून लोकांना घेऊन बरीच वर्षं जातोय, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडं माळरानावर किंवा तलावावर कधी जायचं हे सूर्यावर ठरतं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, बास. समुद्राकाठी सूर्य दुसऱ्या नंबरला, पहिला नंबर भरती-ओहोटीचा. तोच चिखल, तीच खाडी, सकाळी आठला हजारो पक्षी आणि दुपारी दीडला नुसतं पाणी, एक कावळा पण नाही. "आम्ही गेलो होतो, काही नव्हतं ओ तिथं" असं म्हणणारे जे भेटतात ना, त्यातले बरेचसे जागा चुकलेले नसतात, वेळ चुकलेले असतात. रविवारची सुट्टी बघून तारीख काढली की असं होतंय.

मग वेळ कशी काढायची? टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, नेटवर मिळतं, मोबाईलवर ॲप पण आहेत, पण त्याच्याआधी आपल्या घरातलं दाते पंचांग काढा, ते तर सोलापूरचंच आहे. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर दुपारी तीन आणि रात्री तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. हे मुंबईच्या बाजूला चांगलं जुळतं, मालवणकडं भरती थोडी आधी येते, आणि हा अंदाजाचाच हिशोब आहे, पौर्णिमेला सव्वाअकरा उत्तर येतं पण खरी भरती बाराच्या आसपास असते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या वर पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, म्हणजे पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला तितकंच जास्त मागं जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा हालचाल कमी.

याचा उपयोग असा की रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा बोटीचं टाइमटेबल लागलेलं असेलच असं नाही, पण तिथी तर वर्षभर आधी छापलेली असते. तारीख पंचांगावरून काढा आणि जायच्या आठवड्यात टाइड टेबलवर मिनिटं तपासा. जीव पणाला लागेल अशा ठिकाणी, म्हणजे खडकावर किंवा पाण्यात उतरायचं असेल तिथं, फक्त छापील टेबल, पाऊणपटीवर जायचं नाही.

आता कुठं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ऐरोलीला जा. हो, मुंबई-ठाण्याच्या गर्दीत. मी हे सांगितलं की लोक हसतात, "सोलापूर सोडून पक्षी बघायला मुंबईला जायचं का" म्हणून. पण ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य हे २०१५ साली जाहीर झालेलं, साधारण १,६९० हेक्टरचं, त्यात निम्म्याच्या वर कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, आणि बाकी पाणी, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा पण मिळाला. चांगल्या सीझनला इथं फ्लेमिंगोंची संख्या लाखाच्या पुढं गेलेली आहे. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. उजनीला तुम्ही बघितले ते बहुतेक मोठे रोहित असणार, उंच, पांढुरके, चोच गुलाबी आणि टोक काळं. ठाण्याच्या खाडीत छोटे रोहित जास्त, ते बुटके पण रंगाला गडद, आणि चोच लांबून बघितली तर काळपटच वाटते. मुलांना हा फरक आधी सांगून ठेवा, तिथं गेल्यावर ते स्वतः शोधतात, मग कंटाळत नाहीत. छोटा रोहित मुख्यतः पाण्यातलं बारीक निळं-हिरवं शेवाळ खातो, डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची आणि गाळायचं, रंग पण त्या खाण्यातूनच येतो.

जाणं सोपं आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा, पहाटे कल्याणला उतरा, तिथून लोकलनं ठाणे, आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बर लाइननं ऐरोली. कल्याण-ठाणे लोकलला सासूबाईंना घेऊन सकाळी आठनंतर चढायच्या भानगडीत पडू नका, आधी निघा, नाहीतर सरळ टॅक्सी करा. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथूनच बोट सुटते. बोट भरतीच्या वेळेवर सोडतात, कारण ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो आणि बोट चालत नाही, म्हणून बोटीची वेळ रोज वेगळी. आधी बुकिंग करा, सुट्टीचा वार तपासा, थेट जाऊन उभं राहायचं नाही.

तिथी कुठली? पौर्णिमा किंवा अमावास्या, नाहीतर त्याच्यानंतरचे एक-दोन दिवस. का, तर तेव्हा भरती दुपारी बारा-दीडच्या दरम्यान येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सात-साडेसातला, आणि साडेनऊ-दहापासून पाणी चढत असताना तुम्ही बोटीत असता. चढतं पाणी सगळ्यात भारी. चिखलाची पट्टी अरुंद होत जाते तसे पक्षी गोळा होत होत जवळ सरकतात, लांब पसरलेले थवे एका जागी येतात. शिवाय ऐरोली खाडीच्या पूर्व काठाला आहे, सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागं आणि पक्षी समोर उजेडात. हीच खाडी भांडुपच्या बाजूनं बघायची तर उलटं, तिथं दुपारनंतर जायचं. सूर्याकडं तोंड करून कितीही भारी दुर्बीण लावली तरी सगळे पक्षी काळेच दिसतात. आणि पूर्ण भरती झाली की फ्लेमिंगो उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर जाऊन उभे राहतात, त्यामुळं बोट झाली की जेवून लोकलनं तिकडं जाता येतं, तिथं चालायला फार नाही, सासूबाईंना पण काठावरून आरामात दिसतील.

महिना म्हणाल तर फ्लेमिंगो नोव्हेंबरपासून यायला लागतात पण गर्दी जानेवारीनंतर. नाताळच्या सुट्टीत गेलात तर कमी दिसतील. जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ धरा. मेपर्यंत असतात, पण मेमध्ये तिथल्या दमट हवेत मुलांचे हाल होतात. आपण सोलापूरची माणसं ४२ डिग्रीला सरावलेली असतो म्हणून लोक फुशारक्या मारत येतात आणि ३३ डिग्रीत घामानं निथळून बसतात, कारण आपला उन्हाळा कोरडा, घाम वाळतो, तिकडं वाळतच नाही. पाणी जास्त न्या, लिंबू-मीठ-साखर न्या.

बोटीत एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे कांदळवन. सगळ्यांचं लक्ष गुलाबी रंगावर. जेट्टीपाशी बोटीची वाट बघत असाल तेव्हा पाच मिनिटं खाली चिखलाकडं बघा. तिवराच्या झाडाभोवती पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली दिसतील, ती श्वास घ्यायला, कारण त्या चिखलात हवा नसते. त्या मुळांच्या मधे नजर स्थिर ठेवली की चिखलच हलल्यासारखा वाटतो, मग कळतं की ती निवटी आहे. मासा आहे पण पाण्याबाहेर, पुढच्या परांवर रेटत रेटत चालते, डोळे डोक्यावर, दुसरी निवटी आली की पाठीवरचा पर झटकन उभा करते, पुढं ढकलते, मग दोघी चिखलात लोळतात. अंग ओलं ठेवावं लागतं, कारण ती ओल्या कातडीतून पण श्वास घेते. बाजूला बिळाच्या तोंडाशी फिडलर खेकडा, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती वर-खाली करत तो मादीला बोलावत असतो, तुमची सावली पडली की सगळे गायब, आणि तुम्ही न हलता उभं राहिलात की दोन-तीन मिनिटांत एकेक करून परत वर. धाकट्याला हे फ्लेमिंगोपेक्षा जास्त आवडणार, बघा तुम्ही. महाराष्ट्रानं २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केला, तो पण कुणाला तरी विचारून बघून घ्या.

बारीक पक्ष्यांवर पण लक्ष ठेवा. तुतवार, चिलखे, गॉडविट, वाकड्या लांब चोचीचा कर्ल्यू. प्रत्येकाची चोच वेगळ्या लांबीची, म्हणजे एकाच चिखलात कुणी वरवरचे किडे टिपतो, कुणी बोटभर खोल, कुणी वीतभर खोल, भांडण नाही. यातले बरेच मध्य आशिया, सायबेरियाकडून आलेले असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात. म्हणूनच त्यांना उडवायचं नसतं, एकेक उड्डाण त्यांना महागात पडतं. उजनीला होडीवाले फोटोसाठी थव्यात होडी घालतात ते तुम्ही बघितलं असेल, पर्यटकच मागणी करतात म्हणून ते घालतात, त्यांना एकट्याला बोलून उपयोग नाही. खूण लक्षात ठेवा. फ्लेमिंगो निवांत असले तर डोकी खाली. डोकी वर आली आणि सगळे एका दिशेनं चालायला लागले की तुम्ही फार जवळ आलात, तिथंच बोट थांबवायला सांगा, "दादा, उडवू नका, इथनंच बघतो" एवढं म्हटलं की ऐकतात. कुरवांना, म्हणजे सीगलना, गाठ्या-शेव टाकायची फॅशन झालीय, ती पण मुलांना करू देऊ नका, मिठातेलाचं खाणं त्यांचं नाही.

आता मालवण. चार दिवस हातात असतील तर मालवण, त्याच्या आत नको. गाडीनं मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, चारशे किलोमीटरच्या आतबाहेर पडतं. पहाटे निघून संध्याकाळी पोचाल पण मुलांना घाटात उलट्या होतात तर कोल्हापूरला मुक्काम टाका. मालवण सागरी अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरच्या वर थोडं. गंमत म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यावर रोज इतकी माणसं जातात, शिवराजेश्वराचं दर्शन घेतात, दूध-दही-साखर विहिरी बघतात, आणि आपण ज्या पाण्यातून होडीनं आलो ते अभयारण्य आहे हे त्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, त्यात राहणारे रंगीत मासे आहेत, वर आकाशात समुद्र गरुड, आणि नशीब असेल तर डॉल्फिन.

इथं तिथीचं गणित उलटं होतं. स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, करायचं असेल तर अष्टमीच्या आसपास जा, भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते आणि गाळ कमी ढवळतो म्हणून पाणी स्वच्छ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात होड्या बंदच असतात. १३ वर्षांच्या मुलाला स्नॉर्केलिंग जमेल, ९ वर्षांच्याला पोहता येत नसेल तर जबरदस्ती नको. लाइफ जॅकेट सगळ्यांना, होडीत बसल्या बसल्या, "जवळच तर जायचंय" म्हणून काढून ठेवायचं नाही. आणि पाण्यात गेल्यावर दम लागला म्हणून प्रवाळावर पाय देऊन उभं राहू नका, दगड वाटतो पण जिवंत असतो, तुटला की वर्षानुवर्षं भरून येत नाही. काही ठिकाणी फोटोत मासे जास्त यावेत म्हणून बिस्किटं टाकतात, आपण आधीच सांगायचं की आम्हाला तसं नको.

खरं सांगू का, मला स्वतःला स्नॉर्केलिंगपेक्षा ओहोटीचे खडक जास्त आवडतात, आणि त्याला पैसे पण पडत नाहीत, पोहायला पण यावं लागत नाही. त्यासाठी मात्र उधाणाचे दिवस पाहिजेत, पौर्णिमा-अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी मालवणला सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला पाणी खूप मागं गेलेलं असतं. खडकांच्या खळग्यात पाणी साठून राहतं, त्याच्याजवळ उकिडवं बसायचं आणि हात न घालता बघायचं. आधी काही दिसत नाही. मग शंख चालायला लागतो, म्हणजे त्यात खेकडा आहे. फुलासारखं काहीतरी उमललेलं दिसतं, ते समुद्रफूल, त्याच्या पाकळ्यांवरून कोळंबीचं पिल्लू गेलं की पाकळ्या आत ओढून घेतं. पायात मात्र घट्ट बसणारे जुने बूट पाहिजेत, चप्पल नाही आणि अनवाणी तर अजिबात नाही, खडकावर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी लागते. परत फिरायची वेळ आधी ठरवून ठेवा. पाणी सहा तास एकसारखं चढत नाही, पहिल्या तासात कळत पण नाही आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी भरतं, मागच्या बाजूची वाट आधी बुडते. ओहोटीची वेळ झाली की अर्ध्या तासात काठाकडं निघायचं.

शंख-शिंपले गोळा करायचे नाहीत. मुलांना वाईट वाटेल पण अभयारण्यातून काहीच उचलायचं नसतं, आणि प्रवाळाचा तुकडा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोडतो, बॅगेत सापडला तर "सापडलेला उचलला" हे चालत नाही. ड्रोन पण परवानगीशिवाय नाही.

वेळासबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, ते अभयारण्य नाही, मंडणगड तालुक्यातलं गाव आहे, नाना फडणवीसांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना घेऊन तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम २००२ च्या सुमारास चालू केलं. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं सोडतात, सकाळी आणि सूर्यास्ताच्या वेळी. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, नेमकी कुठल्या दिवशी पिल्लं निघतील हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून एक दिवसासाठी जाऊ नका, दोन रात्री राहा, घरगुती राहण्याची सोय असते, जेवण चांगलं. सासूबाईंना हे सगळ्यात आवडेल असं माझं मत. दोरीच्या मागं उभं राहायचं, फ्लॅश नाही, पिल्लाला हात लावून समुद्रात "मदत" करायची नाही. फणसाडचं नाव पण ऐकलं असेल, मुरूडजवळ, जंजिऱ्याच्या नवाबाचं जुनं शिकारीचं रान, शेकरू बघायला छान, पण ते समुद्राजवळचं जंगल आहे, चालणं भरपूर, सासूबाईंना घेऊन नको.

सामानाचं थोडक्यात. दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दहापटीची १०× नको, हलत्या बोटीत दहाची प्रतिमा इतकी थरथरते की डोकं दुखतं. पाच जणांत दोन पुरतात, विकत घ्यायच्या आधी एखाद्या पक्षीमित्राची मागून बघा, सोलापुरात मंडळी भरपूर आहेत आणि देतात. घरी आल्यावर गोड्या पाण्यात किंचित ओल्या केलेल्या मऊ फडक्यानं पुसून ठेवा, मीठ राहिलं की बाहेरून गंज, ओल राहिली की आतून बुरशी. कपडे मळकट रंगाचे, टोपी दोरीवाली, कारण खाडीवर वारा असतो. बोट लागते त्यांनी गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर उपयोग नसतो. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन दिवस टिकते, पण प्लास्टिकच्या पिशवीत नाही, डब्यात, वाऱ्यानं पिशवी उडाली की ती थेट खाडीत. खाडीच्या चिखलात मुलांना उतरू देऊ नका, वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत पाय जातो.

सासूबाईंचं म्हणाल तर बोटीत चढणं-उतरणं एवढाच प्रश्न. चढत्या पाण्याला बोट जेट्टीच्या बरोबरीला येते, पाणी खाली असलं की पायऱ्या जास्त आणि शेवाळलेल्या. बुकिंग करताना वय सांगून ठेवा आणि दिवसातली भरतीच्या जवळची फेरी मागा. बोटीत बाथरूम नसतं, हे त्यांना आधी सांगा, नाहीतर त्या पाणी पिणंच बंद करतील आणि दुपारी चक्कर येईल. जानेवारीच्या शेवटापासून पुढची पौर्णिमा-अमावास्या बघून तारीख काढा आणि सिद्धेश्वरचं तिकीट पहिल्याच दिवशी टाका, शुक्रवारी रात्रीचं वेटिंग लगेच वाढतं, त्यापेक्षा तिथी मधल्या वाराला येत असेल तर मुलांची एक दिवस शाळा बुडवा, अभयारण्यात गर्दी पण कमी मिळेल.